उघड्या फळीवरची चाचणी

माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड तपासायची एक पद्धत आहे. म्हणजे, होती. टेबलावर लाकडी फळी, फळीवर उघडा मदरबोर्ड, त्यात कार्ड खोचायचं आणि अर्धा तास घाम फुटेपर्यंत पळवायचं. पडद्यावर ठिपके उमटले नाहीत, तापमान ऐंशीच्या आत राहिलं, की कार्ड पास. बावीस वर्षं असाच निकाल देत आलो. कुणी गिऱ्हाईक परत येऊन कुरकुरलं, तर मी तोंडावर सांगायचो, "नाचता येईना अंगण वाकडं." लोक हसायचे आणि गप्प घरी जायचे. तेव्हा मला ते फार आवडायचं.

ठमी, माझी धाकटी बहीण, एका आर्किटेक्टकडे कामाला होती. अजून न बांधलेलं घर ती कॉम्प्युटरवर असं उभं करायची, की जिन्याच्या कठड्यावर हात ठेवावासा वाटे. ते ऑफिस बंद पडलं आणि ती दीड वर्ष घरी बसली. अर्ज करून करून थकली. शेवटी एका बिल्डरने नमुना मागितला: एका घराची दीड मिनिटाची फिल्म, दारातून शिरून थेट गच्चीपर्यंत. सोमवारी सकाळी दहाच्या आत. पसंत पडली तर कायमची नोकरी.

तिचं जुनं कार्ड एका खोलीचं चित्र उभं करतानाच धापा टाकायचं. ती दुकानात आली.

"दादा, फार भारी नको. मधलं चालेल. पण ऐनवेळी दगा देणार नाही, एवढं बघ."

माझ्याकडे तसं एक होतं. दोन पंख्यांचं, मधल्या ताकदीचं, तीन वर्षं वापरलेलं. फळीवर चढवलं. अर्धा तास झाला, तापमान एकोणसत्तर, ठिपक्याचं नाव नाही.

"डोळे मिटून घेऊन जा," मी छातीठोकपणे म्हणालो. "हे बंद पडलं तर मिशी उतरवीन."

"नको रे बाबा, वहिनी ओळखायची नाही," ती म्हणाली. खूप महिन्यांनी तिला हसताना पाहिलं मी.

शनिवारी दुपारी मी फोन केला. "कसं चाललंय?"

"चाललंय. माझंच काहीतरी चुकतंय. बघते."

"घाई करू नकोस, नीट बघ," असं मी म्हणालो आणि जेवायला बसलो. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मंगळवारी तिच्याकडे गेलो, तर तिने दार उघडून एवढंच सांगितलं, "नाही झालं."

तिच्या टेबलाखाली एक कप्पा होता, त्यात चालू कॉम्प्युटरचं कॅबिनेट कोंबलेलं. मी सहज हात लावला आणि चटकन मागे घेतला. इस्त्रीसारखं तापलं होतं.

"थोडा वेळ चालायचं आणि स्क्रीन काळी व्हायची," ती सांगू लागली. "मला वाटलं, मीच घरात फार भरलंय. बागेतली झाडं काढली. तरी तेच. मग पडदे काढले. मग कठड्याची नक्षी. मग खिडकीतलं ऊन काढलं. तेव्हा कुठे शेवटपर्यंत गेलं."

"अगं, मग मला का नाही विचारलंस? कार्डच बघितलं असतं ना!"

"तू तपासलं होतंस ना, दादा. कार्डाला नाव ठेवलं असतं तर तूच म्हणाला असतास, अंगण वाकडं म्हणून."

तिने ते बोडकं घर पावणेदहाला पाठवलं होतं. बिल्डरचं उत्तर एका ओळीचं: काम अगदी प्राथमिक वाटते, धन्यवाद.

कॉम्प्युटर मी दुकानात आणला. या वेळी फळीवर नाही, तिच्याच बंद कॅबिनेटमध्ये, टेबलाखाली ठेवून चालवला. अकराव्या मिनिटाला स्क्रीन काळी. मी वर पाहिलं. फळीच्या नेमका वर छताचा पंखा गरगरत होता. बावीस वर्षं प्रत्येक कार्डाला मी वारा घालत होतो आणि त्यालाच परीक्षा म्हणत होतो. कार्ड उघडलं. मेमरीच्या चिपांची उष्णता ओढून घेणाऱ्या मऊ पट्ट्या वाळून पापडासारख्या झाल्या होत्या. बैल गेला आणि झोपा केला, तशा मी नव्या पट्ट्या बसवल्या. मग तेच कार्ड बंद पेटीत तीन तास मुकाट चाललं.

गुरुवारी सगळं घेऊन तिच्याकडे गेलो. "ठमे, तुझी पहिली फिल्म लाव. झाडं, ऊन, सगळं असलेली. मी स्वतः जाऊन त्या बिल्डरला दाखवतो."

"पहिली कुठे राहिली? त्याच फाइलमधून एकेक काढत गेले. दरवेळी वाटायचं, सापडली चूक. चूक कोण जपून ठेवतं?"

"मग पुन्हा कर. मी बोलतो त्याच्याशी."

"जागा भरली. काल मीच फोन केला होता."

मी खिशातून त्या वाळलेल्या पट्ट्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. "हे बघ. चूक माझी होती. तुझं काम चोख होतं. झाडं, ऊन, कठडा, सगळं बरोबर होतं."

तिने एक पट्टी उचलली. बोटात धरताच तिचा तुकडा पडला. ती माझ्याकडे बघून हसली, आजारी माणसाने भेटायला आलेल्याकडे बघून हसावं तशी.

"तू असंच म्हणणार, दादा. भाऊ आहेस ना."

"अगं, शप्पथ!"

"बरं," ती म्हणाली. मग वाकून तिने कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली आणि माझ्या हातात दिली. "हा घेऊन जा तू. ज्याला हे जमतं, अशा कुणालातरी दे."

मी अर्धा तास तिची समजूत घातली. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. त्यातला एक शब्दही तिला खरा वाटत नव्हता.