कप्तानाच्या मुठीतली किसणी

मी किसणी बोलतेय. हो, गाजर-काकडी किसते तीच. पण जरा अदबीनं ऐका, मी अंतराळात जाऊन आलेय.

पत्र्याच्या कारखान्यात जन्मले आणि या घरच्या स्वयंपाकघरात रुळले. दांडा सैल झाला तेव्हा घरच्या बाईनं स्वतः त्याला तांब्याची तार गुंडाळली. तेवढाच माझा दागिना.

तिचा नवरा चित्रपटांसाठी खोटी यंत्रं बनवतो. एकदा ऐन चित्रीकरणाच्या तोंडावर अंतराळयानाच्या कप्तानाचं 'जीवशोधक यंत्र' मोडलं. नवऱ्यानं गुपचूप मला उचललं, चंदेरी रंग फासला, दोन दिवे चिकटवले. झालं यंत्र! तार कप्तानाच्या मुठीत झाकली जाईल म्हणून तिला हात लावला नाही.

इकडे घरात माझी शोधाशोध. त्याच दिवशी नणंद येऊन गेली होती. "वन्सं, तुम्हीच नेलीत ना?" बाईनं थेट विचारलं. शब्दानं शब्द वाढला आणि नणंदेचं येणं-जाणंच बंद झालं. नवरा मात्र अळीमिळी गुपचिळी! मला त्याचा फार राग आला.

पुढे तो चित्रपट टीव्हीवर लागला. लेकीला चित्रपटातल्या चुका शोधायचा भारी नाद, त्यामुळे रिमोट तिच्याच हातात. नवरा सारखा पाणी प्यायला उठत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"हे बघा!" लेकीनं चित्र थांबवलं. "आत्ता यंत्राचा दांडा खाली होता, आता वर! कप्तानानं उलटं धरलंय."

खरंच होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या नटानं मला उलटं धरलं, तार मुठीबाहेर उघडी पडली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाई टीव्हीजवळ गेली. "यंत्र कसलं डोंबलाचं! ही माझी किसणी. ही तार मी गुंडाळलीय." नवऱ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि तिचा चेहराच उतरला. "आणि मी वन्संवर आळ घेतला."

तिनं लगेच फोन लावला. "वन्सं, चुकलं माझं. किसणी सापडली, सिनेमात!"

"मी थिएटरातच ओळखली होती, वहिनी."

"मग बोलला का नाहीत?"

"दादाची खैर नव्हती ना! आणि माझ्यावर विश्वास ठेवायला तुम्हाला पुरावा का लागावा?"

बाईला रडूच फुटलं. "उद्या जेवायला या," एवढंच कसंबसं म्हणाली.

नवऱ्यानं त्याच्या खोट्या यंत्रांच्या ढिगातून मला बाहेर काढून दिलं, पण माझा चंदेरी रंग काही निघत नाही, म्हणून आता मी कपाटावर नुसती मिरवते. चित्रपटातल्या चुका खुशाल शोधा हो, पण घरातली वस्तू हरवली तर माणसाकडे बोट दाखवू नका.

बेल वाजली. आल्या वाटतं वन्सं. मला जरा दाराकडे तोंड करून ठेवता का?