शिसे प्यालेले तळे

मी एक जुने तळे आहे, मित्रांनो. माझ्या कुंपणावर ‘विषारी पाणी’ अशी पाटी आहे. ती वाचली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. विष माझे नव्हते.

एका मासेपालकाने मला हौसेने खणून घेतले. तळाला चिकणमाती चोपली, ओढ्याचे पाणी वळवले, माशांची पिल्ले सोडली. बाजारात लोक माझेच मासे मागून घेत. मालकाची छाती फुगायची.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला मालकाच्या मेव्हण्याने जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा कारखाना काढला. सांडपाणी ओढ्यात आणि ओढा माझ्यात. शिसे गाळात बसले, गाळातल्या किड्यांत शिरले, किडे माशांनी खाल्ले. मासे मात्र दिसायला तसेच चकचकीत. मालकाने मेव्हण्याला सांडपाण्याबद्दल विचारून पाहिले. त्याने हसण्यावारी नेले. नात्यात वितुष्ट नको म्हणून मालक गप्प बसला. मला तोंड असते तर तेव्हाच बोंब मारली असती!

मालकाची लहान नात रोज माझ्यातले बारीक मासे काट्यासकट खायची. ती चिडचिडी झाली. पोट धरून बसू लागली. येणारी अक्षरे विसरू लागली. जंत असतील, म्हणत घरच्यांनी वेळ काढली. शेवटी तिच्या आईने, म्हणजे मालकाच्या सुनेने, तिचे रक्त तपासून घेतले. रक्तात शिसे निघाले. डॉक्टरांनी खाणेपिणे विचारल्यावर तिने माझे पाणी आणि मासेही तपासायला दिले. दोन्हींत शिसेच.

तो अहवाल घेऊन सून परतली तेव्हा काठावर बाजारात न्यायच्या माशांनी टेम्पो भरत होता. ती टेम्पोसमोर उभी राहिली. मेव्हणाही तिथेच होता. थोडेफार शिसे सगळीकडेच असते, एवढा माल जाऊ दे, पुढचे पुढे बघू, असे तो समजावू लागला.

सुनेने टोपलीतला मासा उचलून त्याच्यापुढे धरला.

“मामा, हा घरी न्या. आज तुमच्या नातवाच्या ताटात वाढा. मग टेम्पो सोडते.”

मेव्हण्याचा हात पुढे आला नाही. मालकाने ते पाहिले. तो टेम्पोवाल्याकडे वळला.

“उतरव सगळं.”

मासे खोल खड्ड्यात पुरले. मालकाने स्वतः तक्रार केली, कारखान्याला टाळे लागले. औषधाने नातीच्या रक्तातले शिसे उतरले, पण काही अक्षरे तिला अजून आठवत नाहीत. ती कोण भरून देणार?

आणि मेव्हणा? त्याने दुसऱ्या ओढ्याकाठी नवा कारखाना काढला आहे.

मित्रांनो, त्या ओढ्याच्या खालीही एखादे तळे असेल. मासा चकचकीत दिसला म्हणून फसू नका. तो कोणत्या पाण्यात वाढला, ते पाणी कोणी तपासले, हे विचारा. मोठी माणसे रागावली तर रागावू देत. गप्प बसल्याने काय होते, ते मी पाहिले आहे.