दाराचा डावा कोपरा

बावड्याचं आमचं गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या आधणाची एक ढेप देवापुढे जाते आणि दुसरी उरणला. उरणला आमचं कुणी नातलग नाही. तिथं पागधरे साहेब राहतात, आणि त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. ढेप पाठवायला उशीर झाला तर मी घर डोक्यावर घेते. माझं तोंड तिखट आहे हे निम्म्या इंदापूर तालुक्याला ठाऊक आहे.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. त्याच्या आदल्या हंगामात आमचा गूळ पहिल्यांदा बोटीनं लंडनला गेला होता. तो माझ्या सासऱ्यांच्या, सर्जेरावांच्या हातचा. मी त्यांना मामंजी म्हणते. काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, पाक केव्हा उतरवायचा हे गुळव्यानं ठरवायचं असतं. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर कच्चा राहतो आणि मागाहून पाझरतो. मामंजींची वेळ चुकली असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण लंडनहून निरोप आला की गूळ पाझरला, बुरशी धरली. ज्याच्यामार्फत तो गेला होता तो बारामतीचा व्यापारी गुऱ्हाळावर आला आणि चार माणसांत म्हणाला, "सर्जेराव, गूळ कच्चा उतरवलात."

 दुसऱ्या दिवसापासून मामंजी काहिलीकडे फिरकले नाहीत. कुंडलिक नावाचा दुसरा गुळव्या ठेवावा लागला. मामंजी बाभळीखाली बाज टाकून काहिलीकडे पाठ करून बसायचे. पुढ्यात येईल ते मुकाट्यानं जेवायचे, कशालाही नावं ठेवायचे नाहीत. आमच्या घरात माणूस असं वागायला लागला म्हणजे तो आजारी आहे असंच समजायचं.

वर्षभरानं लंडनच्या गिऱ्हाइकानं आणखी एक कंटेनर गूळ मागवला. या वेळी कंटेनर आधी तपासून घ्यायचा आणि हाही बिघडला तर व्यवहार बंद, अशी त्याची अट होती. घरात सगळे खूश. मी तेवढी आतून चरफडत होते. गूळ बिघडला तर गुऱ्हाळाला टाळं. आणि नीट पोहोचला तर लोक म्हणणार, बघा, कुंडलिकचा पोहोचला, म्हणजे सर्जेरावांचा कच्चाच होता. मला लंडनचं कौतुक नव्हतं. मला मामंजी पुन्हा काहिलीपाशी उभे हवे होते, आणि ते कसं व्हावं ते काही सुचत नव्हतं.

रिकामा कंटेनर आदल्या सकाळी ट्रेलरवरून आला. मी आणि माझा नवरा मानसिंग, दोघं खोकी आणायला इंदापूरला गेलो होतो. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी, कौसल्याबाईंनी, आपल्या परीनं त्याची काळजी घेतली. कामाला येणाऱ्या रंगूबाईला हाताशी धरून कंटेनरची लाकडी जमीन शेणानं छान सारवून काढली. मग दारं लावून आत उभ्या राहिल्या आणि जिथून उजेड दिसला तिथं शेणात राख कालवून लिंपून टाकलं. मी परत येऊन बघते तो आत सगळं गुळगुळीत.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "ह्ये काय केलंत?"

"कणगी लिंपल्याबिगर कदी दाणा घातलाय का तिच्यात? त्यो तर एवढा समुद्र पार करनार हाय."

मला तरी कुठं माहीत होतं? मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागधरे साहेब आले. बंदरावर कंटेनर आणि जहाजं तपासायची हे त्यांचं काम. गेल्या साली आमचा गूळ बिघडल्याचं त्यांना आधीच कळवलेलं होतं. सडपातळ माणूस, कपाळाला आठ्या, हातात एक पेटी. ते कंटेनरमध्ये चढायला लागले तशी आत्याबाईंनी त्यांना हटकलं, "सायेब, पायताण काडा. सारवलंय."

मला वाटलं, आता हे भडकणार. त्यांनी बूट काढले, मोजेही काढले आणि अनवाणी आत गेले. दारं लावून घेतली. बाहेर येऊन म्हणाले, "उजेड कुठूनच येत नाही." आत्याबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मान खाली घातली.

पण साहेबांचं काम झालं नव्हतं. पेटीतून त्यांनी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काढलं, आत मधोमध ठेवलं आणि दारं पुन्हा लावली. म्हणाले, "हे आता ओरडतंय. पण त्याचा आवाज इतका बारीक, की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही."

"जो ऐकाय येत न्हाय त्यो आवाज काय कामाचा?" आत्याबाई म्हणाल्या.

साहेब पहिल्यांदा हसले. "आई, जिथं फट असेल तिथून तो बाहेर पडतो. मग हे दुसरं यंत्र त्याला पकडतं आणि आपल्याला ऐकू येईल असा करून देतं." त्यांनी कानाला हेडफोन लावले, हातात पिस्तुलासारखं एक नळकांडं धरलं आणि दाराच्या कडेकडेनं फिरवत निघाले. वरची कड झाली, उजवी झाली. खाली डाव्या कोपऱ्यात ते थांबले आणि उकिडवे बसले. नळकांडं मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावले.

आत सूं सूं चाललं होतं, झाकण नीट न बसलेल्या कुकरसारखं. हात जरा बाजूला केला की बंद, कोपऱ्यावर आणला की पुन्हा सुरू.

त्यांनी दार उघडलं. कोपऱ्यातलं लिंपण उन्हानं वाळून तडकलं होतं. ते खरवडलं तर मागं दाराचं रबर वीतभर फाटलेलं.

"शेणामुळं उजेड अडला, फट राहिलीच," ते म्हणाले. "समुद्रावर दारावर लाटांचं पाणी उडतं. ते इथून आत आलं असतं. गेल्या वर्षीचा कंटेनर कुणी तपासला होता?"

"कुनीच न्हाय," मानसिंग म्हणाला.

"मग गूळ कशामुळं बिघडला म्हणाले?"

"बारामतीचा व्यापारी म्हनला, कच्चा व्हता."

"सगळाच बिघडला?"

मानसिंग आठवू लागला. बारामतीच्या टेलिफोन बूथवरून लंडनच्या गिऱ्हाइकाशी तोच बोलला होता. "न्हाय. दारापाशीच्या खालच्या थप्पीतला. आतला त्यांनी इकला की."

"खोकी कंटेनरमध्ये भरताना एका दिवसाचा गूळ एका बाजूला लावला होता का?"

"न्हाय सायेब, समदा मिसळून."

साहेब रुमालानं हात पुसत साधेपणानं म्हणाले, "मग गूळ कच्चा कसा? कच्चा असता तर आतलाही पाझरला असता. पाणी दारातून आलं. करणाऱ्याच्या हाताचा दोष नाही त्यात."

 दारापाशीचाच गूळ बिघडला आणि सगळा गूळ मिसळून भरला होता, या दोन्ही गोष्टी वर्षभर आमच्या घरातच पडून होत्या, आणि त्या शेजारीशेजारी ठेवून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. एक व्यापारी मोठ्यानं बोलला आणि आम्ही सगळे गप्प झालो. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मी तशीच बाभळीखाली गेले. "मामंजी, उठा. सायेब बोलावत्यात." साहेबांनी बोलावलं नव्हतं, पण मामंजींना येताना पाहून ते समजले. त्यांनी दार पुन्हा लावलं, मामंजींच्या पागोट्यावरून हेडफोन नीट बसवले आणि नळकांडं त्यांच्या हातात दिलं. मामंजी कोपऱ्याशी वाकून बराच वेळ ऐकत राहिले.

"गेल्या साली बी ह्यो असाच बोलत आसंल," ते म्हणाले. "आयकाय कुनी नव्हतं."

खरं तर साहेबांनी कंटेनर नापास करून परत पाठवायला हवा होता. मग बोट चुकली असती. पण त्यांनी मानसिंगच्या मोटारसायकलवर बसून इंदापूर गाठलं आणि हायवेच्या गॅरेजांमधून हिंडून रबर आणि डिंक मिळवला. तोवर आम्ही बायकांनी सगळं सारवण धुऊन काढलं. परदेशात शेणाचा कण दिसला तर माल उतरू देत नाहीत, हे त्यांनी आत्याबाईंना इतक्या हळुवारपणे समजावलं होतं की त्या स्वतःच खराटा घेऊन पुढं झाल्या. दुपारपर्यंत कंटेनर उन्हात वाळला, रबर बसलं आणि साहेब पुन्हा कडेकडेनं फिरले. डावा कोपरा गप्प होता. तो कंटेनर पुढं लंडनला कोरडा ठणठणीत पोहोचला.

काम संपल्यावर त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. म्हणाले, "जाताना बारामतीत उतरतो. त्या व्यापाऱ्याला मी स्वतः सांगतो, गूळ कच्चा नव्हता म्हणून." असं करा म्हणून कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्या कामातही ते बसत नव्हतं.

ते पेटी उचलायला लागले तेवढ्यात गुऱ्हाळातून हाक आली, "सायेब, वाईच थांबा!" वर्षभरात मामंजींचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. वळून बघितलं तर ते काहिलीपाशी उभे. कुंडलिक स्वतःहून बाजूला झाला होता. मामंजींनी पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांत घेऊन दाबला, पुन्हा पाकाकडे बघितलं आणि थांबले. आम्ही सगळे थांबलो. मग त्यांनी हात वर केला आणि गड्यांनी काहील उतरवली.

गूळ घट्ट होऊ लागला तसा त्यांनी पळसाच्या पानावर गरम गोळा काढला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. साहेबांनी फुंकर घालून घास तोंडात टाकला. मामंजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचे हात तसेच पुढं राहिले होते.

"सायेब," त्यांनी विचारलं, "कच्चा न्हाय न्हवं?"