राणीसाहेबांची खुर्ची

दिग्रसच्या नेमसिंग राठोडला राजेराण्यांचं वेड लागलं ते एसटीतली कंडक्टरकी संपल्यावर. तोवर वेड लागायला त्याला सवडच नव्हती. निवृत्तीनंतर मुलाने, शामने, मोठ्या पडद्याचा मोबाईल हातात दिला आणि बघता बघता कुठल्या संस्थानात कुणाला गादीवर बसवलं, कुठल्या राजकन्येचं लग्न कुठे ठरलं, सातासमुद्रापलीकडच्या राजाच्या डोक्यावर मुकुट कोण ठेवणार, ही सगळी खडान्‌खडा माहिती त्याच्या जिभेवर नाचू लागली. शेजारपाजारचे हसायचे.

"हसा लेकहो," तो म्हणायचा. "आपल्या पुरख्यांनी बैलावर लादून ह्याच राजांच्या फौजांले दाणागोटा पोचवला, मीठ पोचवलं. पन वाड्याच्या आत कोनी घेतलं नाही. आता तिकीट काढतो अन्‌ समोरच्या दरवाज्यानं जातो."

आणि तो खरंच जायचा, प्रत्येक वेळी बायकोला, लालीबाईला, बरोबर घेऊन.

लालीबाईला ना राजांचं कौतुक होतं ना राण्यांचं. तिला फक्त बसायचं होतं. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून तुरीचं आणि सोयाबीनचं रान, गुरं, सासूचं अंथरूण, नवऱ्याच्या ड्यूटीचे डबे, पोराचं शिक्षण, आणि सून आल्यावरही कमी न झालेला स्वयंपाक, यांत तिने कधी नीट टेकलं म्हणून नव्हतं. जरा पाठ भिंतीला लागली की कुणीतरी हाक मारायचंच. शाम कामावरून आला की विचारायचा, "याडी कुठं हाय?" आणि आईची अशी चौकशी झाली की घरातल्या कुणाचंही उत्तर ठरलेलं असायचं, "असन इकडंच." ते खोटंही नव्हतं. ती असायचीच इकडं, कशात तरी वाकलेली. मान वर करून तिला शोधायची वेळ कुणावर आली नव्हती.

या खेपेला नर्मदेपलीकडच्या एका संस्थानात राजकुमाराचं लग्न झालं. नेमसिंगने ते हळदीपासून पाठवणीपर्यंत मोबाईलवर पाहिलं. लग्नासाठी रंगवून घेतलेला जनाना आता पहिल्यांदाच लोकांसाठी उघडला आहे, असं कळलं मात्र, त्याने यवतमाळहून निघणाऱ्या सहलीच्या गाडीत दोन जागा धरल्या. "माझे गुडघे," लालीबाई म्हणाली. "तिथं कुठं तुरीतलं निंदन कराचं हाय तुले," तो म्हणाला. "फिराचंच त हाय."

राजवाड्यात पायऱ्याच पायऱ्या होत्या. तलवारी झाल्या, वाघांची मुंडकी झाली, चांदीचा पाळणा झाला, आणि प्रत्येक दालनात एवढ्या खुर्च्या, एवढे पलंग, एवढे मखमली लोड, की पाहून पाहून तिचा जीव मेटाकुटीला आला. सगळ्यांपुढे लाल दोरी, आणि बसायची चोरी. शेवटी जनान्यात, बंद झरोक्याजवळ, वेताची एक साधीशी खुर्ची दिसली. राणीसाहेब दुपारच्या इथं बसत, असं गाईडने सांगितलं, आणि एकदा बसल्या की त्यांना कुणी उठवत नसे.

इतक्या वाड्यांमधून इतके गाईड बोलले होते, पण लालीबाईच्या कानाला लागलेलं हे पहिलं वाक्य. मंडळी शस्त्रागाराकडे गेली, नेमसिंग सगळ्यांच्या पुढे. ती मागे राहिली. आपण करतोय ते बरं नाही हे तिला समजत होतं, पण गुडघ्यांना समजवायचं कुणी? तिने दोरी उचलली, आत वाकली, आणि बसली.

खुर्ची गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर असते तशी.

झरोका तर बंदच होता, ऊन यायचा प्रश्न नव्हता. पण हा विचार करण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. कंबरेतला, पोटऱ्यांतला, टाचांतला सगळा शीण कुणी तरी अलगद काढून घेत होतं, आणि तिला रडू येईल इतकं बरं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मोठ्या कष्टाने ती उठली आणि चौकात आली तेव्हा तिथं विटक्या जांभळ्या साडीतली एक बाई अनवाणी उभी होती. दगड तापलेले असूनही ती पावलं दाबून दाबून चालून पाहत होती. लालीबाईला पाहून ती हसली, जवळ आली, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"बैठ लीं?" तिने विचारलं. "बहुत थकी हुई थीं आप. मैं भी थी."

मग ती भराभरा मोठ्या दरवाज्याकडे निघून गेली. लालीबाई गाडीपाशी पोचली तर गाडी सुटलेली, ड्रायव्हरला हात दाखवून तिला ती थांबवावी लागली.

"मले सोडूनच निंगाले का?" ती दारातून ओरडली.

नेमसिंग गोंधळून मागे वळला. कंडक्टरकीची सवय, माणसं मोजल्याशिवाय तो गाडी हलू देत नसे. "मी मोजले न," तो म्हणाला. "गिनती बराबर भरली होती." तिने सगळ्या सीटांवरून नजर फिरवली. जांभळी साडी कुठेच नव्हती.

घरी आल्यावर तिने खिडकीजवळच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत अंग टाकलं, आणि त्या दिवशी तिला कुणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बबिता, तिची सून, न सांगता चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं उरकायची आणि येता-जाता हळू बोलायची. सासूला वाटलं, पोरीला दया आली. गुडघे दुखायचे थांबले. भूकही लागेनाशी झाली. आपल्या वाट्याला एकदाचं सुख आलं, असं समजून ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

पुढे पावसाची झड लागली. शामने त्या खोलीतच कपडे वाळवायची दोरी बांधली, ती नेमकी खुर्चीच्या समोरून गेली. नेमसिंगकडे राजवाड्याचे फोटो पाहायला शेजारी यायचे, ते दोरीपाशी थांबायचे, लालीबाईच्या कोपऱ्याकडे एकदा बघायचे आणि मोबाईलकडे वळायचे. ती नजर तिच्या ओळखीची होती. तलवारींवरून, वाघांवरून, चांदीच्या पाळण्यावरून तिने स्वतः ती अशीच फिरवली होती.

तिने उठायचं ठरवलं. ठरवणं झालं, उठणं झालं नाही. "बबिता," तिने हाक मारली. बबिता वळली, खिडकीकडे पाहिलं, आणि वारा येतो म्हणून ती लावून घेतली.

एका संध्याकाळी शामने चहा पिता पिता विचारलं, "याडी कुठं हाय?"

"असन इकडंच," नेमसिंग म्हणाला आणि एका राजकन्येच्या बारशाचा व्हिडिओ पुढे सरकवला.

मग रोजच असं होऊ लागलं. कुणी घाबरलं नाही, कुणी शोधलं नाही, पोलिसात जायचं तर कुणाच्या मनातही आलं नाही. आपण इथं आहोत तेव्हाही यांना दिसत नाही, आणि आधी तरी कुठे दिसत होतो, हे लालीबाईला त्या खुर्चीत बसून लख्ख कळलं, आणि ते कळणं पायदुखीहून वाईट होतं. तिला पुन्हा काम हवं होतं. विळा, शेण, धूर, काहीही चाललं असतं. मांड्यांखाली खुर्ची गरम लागत होती. ती ऊब तिचीच होती. जांभळ्या साडीतल्या बाईचं हसू तिला रोज आठवू लागलं, आणि त्या बाईने आपले हात एवढे घट्ट कशासाठी धरले होते, हेही.

आणि बबिता वाळत चालली होती. दोघींची कामं एकटीवर. दुपारी दोरीवर कपडे टाकताना ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, अगदी लालीबाई राहायची तशी. हिला आपण लेकीसारखी आणली, लालीबाईला वाटायचं. हिने जपून राहावं. हिने इकडे पाहू नये.

श्रावणातल्या एका दुपारी बबिता ओली लुगडी पिळून आली. घरात कुणी नव्हतं. तिने कपडे दोरीवर टाकले, कपाळावरचा घाम पुसला आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

बसू नको, असं सांगायला हवं होतं. शब्द लालीबाईच्या अगदी ओठांशी आले होते. तिने ओठ मिटून घेतले.

बबिताने दोरी उचलली आणि आत वाकली.

लालीबाई अंगणात उभी होती. पाऊस उघडला होता, चिखल पायांच्या बोटांतून वर येत होता, आणि गुडघ्यांत ओळखीची कळ मारत होती. ती पावलं दाबून दाबून चालली. तिला हसू आवरेना. खिडकीआडून बबिताचा आवाज आला, जरा नवलाचा, जरा पेंगुळलेला.

"खुर्ची गरम कशी लागून राह्यली?"

फाटक वाजलं. शामने गाडी लावली, चिखलातले बूट पायरीवर झटकले आणि आईला तिथं पाहून त्याला काहीच विशेष वाटलं नाही.

"बबिता कुठं हाय?" त्याने विचारलं.

लालीबाईने खिडकीकडे पाहिलं. मग खाली वाकून तिने कोपऱ्यातला झाडू उचलला.

"असन इकडंच," ती म्हणाली.