दोरा कुठवर आला?

बेंदराच्या दिवशी अख्खं कुंडल गाव बैलांची शिंगं रंगवण्यात दंग, आणि नाथाजींची एकुलती एक लेक क्रांती मात्र साताऱ्याच्या प्रयोगशाळेत एकटी. का, तर म्हणे पेशींना खाऊ घालायचं होतं! पेशींना कुठला आलाय सणवार? त्यांचं पातळ अन्न वेळेवर बदललं नाही, तर त्या मरणार.

क्रांती पॉलिमरचा धागा बनवायची. केसाहून बारीक, अंगातल्या नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आवरणाची हुबेहूब नक्कल. तुटलेली नस त्याला धरून पुन्हा वाढावी, एवढंच तिचं वेड. ते लागलं आबांपायी, म्हणजे नाथाजींपायी. ऊस तोडताना कोयता निसटला, कोपराजवळची नस तुटली, आणि फौजेत बंदूक धरलेल्या हाताला तापलेला तवासुद्धा कळेनासा झाला, बोटंही हलेनाशी झाली. आई गेल्यावर तर बापलेकीचं फोनवरचं बोलणं दोन वाक्यांवर आलं. ती विचारायची, "आबा, हाताला तेल लावलं का?" ते विचारायचे, "दोरा कुठवर आला?"

आज तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बघतच राहिली. पेशींना फुटलेले कोंब धागा धरून थेट पलीकडच्या टोकाला पोचले होते.

"अगं बाई, जमलं की!" ती ओरडली. ऐकायला होतं कोण? कोपऱ्यातला फ्रीज. तिला एकदम रडूच कोसळलं.

कारण हा धागा आबांच्या कामाचा नव्हता. हाताचे स्नायू केव्हाच वाळून गेले होते; आता नस पोचली तरी हलवणार काय? हे ती कित्येक वर्षं गिळून बसली होती. आज मात्र खोटं बोलवेना. तिनं फोन लावला.

"आबा, दोरा झाला. पर तुमच्या हाताला न्हाई उपेगाचा. लय उशीर झालाय. मला आधीच ठावं हुतं."

पलीकडे हलगी वाजत होती. नाथाजी फोन घेऊन गोठ्याआड गेले.

"मला बी ठावं हाय गं. मिल्ट्रीच्या डॉक्टरनं कवाच सांगितलंय."

"मग सारखं कशाला इचारत हुता?"

"तुझ्या कामातलं मला तेवढंच कळतंय, पोरी. त्ये बी सोडलं, तर तुझ्यासंगं बोलू काय?"

क्रांतीला हुंदका आवरेना. आता विचारायलाही काही उरलं नव्हतं, आणि फोन ठेवायचा दोघांनाही धीर होईना. शेवटी तिनंच डोळे पुसले.

"आबा, हाताला तेल लावलं का?"

"न्हाई अजून," नाथाजी घाईघाईनं म्हणाले. "आत्ता लावतो. तू बोलत ऱ्हा."