फिरत्या खुर्चीवरची भुताळी

मासवणला आमच्या पाड्यावर त्या रविवारी दुपारी इतकी माणसं जमली की कोंबड्यांना उभं राहायला जागा उरली नाही. मध्ये बन्सीबाबा आणि लाल कापडात गुंडाळलेलं त्याचं 'सत्यासन'.

"जो भुताळी होगी, उसकी आँख नाचेगी!"

बाबा बोईसरहून आलेला, म्हणून त्याचा देवही हिंदीत बोलायचा.

त्याला आणला माझ्याच लेकानं, अंकुशनं. त्याचं पोर पंधरा दिवस तापानं फणफणत होतं. दवाखान्यात न्यायचं सोडून म्हणे कुणीतरी करणी केली. कुणी, तेही आधीच ठरलेलं. माझी थोरली सून जयवंती. थोरला गेल्यापासून उताराचं भातशेत ती एकटी करते. ती भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरली की पाडा तिला हाकलणार आणि शेत अंकुशचं. आई आहे मी. लेकाचा डोळा कुठं आहे ते मला कळतं.

सहा बायका एकेक करून त्या फिरत्या आसनावर बसल्या. प्रत्येकीला एकच फेरा, पाळण्यातल्या बाळाला द्यावा तसा सावकाश. काही झालं नाही. मग जयवंती. तिच्या डोळ्यांवर फडकं बांधून बाबानं तिला गरागरा पंधरा फेरे दिले, एकदम थांबवलं आणि फडकं ओढलं. पोरीची बुबुळं एका बाजूला सरकायची, झटका खाऊन परत यायची. पुन्हा सरकायची, पुन्हा झटका.

"नाचले! डोळे नाचले!"

बायका मागं सरकल्या, मोबाइलवाले पुढं आले.

"मी काय नाय केलं," जयवंती खुर्ची घट्ट धरून म्हणाली.

माझं डोकं भडकलं, आणि पहिला राग माझाच मला आला. दिवाळीत मला चक्कर यायची, तेव्हा पालघरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला आडवं केलं होतं आणि माझेही डोळे अस्सेच नाचले होते. का, तेही बाईंनी समजावलं होतं. पण लोक काय म्हणतील म्हणून मी घरी येऊन तोंड शिवून बसले.

"ऊठ गं," मी म्हटलं. "आता मी बसते. तेच फडकं, तेवढेच फेरे."

"माताजी, आप तो..."

"माताजी तुझ्या घरी! गोमा, फिरव मला."

शेजारच्या गोमानं फिरवलं, फडकं काढलं आणि दोन पावलं मागं गेला. "काकी, तुजे पन नाचतात!"

"यह भी भुताळी!" बाबा किंचाळला.

"हाय ना! आता बाबाला बसवा. देवमानूस हाय तो, त्याचे कशाला नाचतील?"

बाबाला एकदम बोईसरची गाडी आठवली. गोमानं खांदे दाबून बसवला. तिसऱ्या फेऱ्याला लाल कापड सुटलं आणि सत्यासनाची चाकं दिसली. ऑफिसातली जुनी खुर्ची, भंगारातली! फडकं काढलं तर बाबाची बुबुळं जयवंतीपेक्षा जोरात.

पाडा खदाखदा हसला.

"आता तू, अंक्या."

"आये, मी कशाला?"

"बस म्हटलं ना."

त्याचेही नाचले. "बघा," मी म्हटलं, "माज्या पोटी भुताळ जन्मला. हाकला याला!"

या वेळी कुणी हसलं नाही. अंकुश उठायला गेला आणि तोल जाऊन मातीत बसला.

मी चौथी शिकलेली, तरी मला कळलं ते ऐका. कानाच्या आत बारीक नळ्या आहेत, पाण्यानं भरलेल्या. डोकं वळलं की त्या पाण्यावरून कान डोळ्यांना सांगतो, तुम्ही उलट वळा. म्हणून चालताना आपल्याला समोरची वाट स्थिर दिसते. पण हंडा खूप फिरवून थांबवा. हंडा थांबतो, पाणी फिरतच राहतं. तसंच कानात होतं. डोकं थांबलेलं असतं, कान म्हणतो फिरतंय, आणि डोळे उगाच धावतात. बाईचे, बाबाचे, कुणाचेही.

पटत नसेल तर तळहात समोर धरा. डोकं डावीकडे-उजवीकडे जोरात हलवा, रेषा दिसतात. आता डोकं स्थिर ठेवा आणि हात तितकाच जोरात हलवा. रेषा गेल्या! डोकं हलतं तेव्हा कान डोळे सांभाळतो. हात हलतो तेव्हा त्याला काय कळणार? यात देव कुठं आला आणि भूत कुठं?

त्याच दुपारी आम्ही नातवाला मनोरच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. गाडीपर्यंत पोराला कडेवर कुणी नेलं? जयवंतीनं. तोल जात होता, तरी दिलं नाही कुणाकडे.

लाज वाटू द्या रे. दहा मोबाइल होते तिथं, एकानंही फेरे मोजले नाहीत. यापुढं कुणी बाईला भुताळी म्हटलं, तर म्हणणाऱ्याला आधी खुर्चीवर बसवा. फेरे मी मोजते.