रिकाम्या आकड्याचं वजन

मित्रांनो, कुलूपबंद कपाटातून बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? तरी बोलतो. मी एक जुना ताणकाटा आहे. मोताळा तालुक्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, सर्वांत खालच्या फळीवर, फुटक्या चंचुपात्राच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. पोलादी तारेची वेटोळी करून माझी कमान घडवली. वर कडी, खाली आकडा, मधे काटा आणि पितळी पट्टीवर शून्यापासून दहा किलोपर्यंतच्या खुणा. मी इथे आलो तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. शेर जाऊन किलो आला होता आणि त्याच्यावर गावात कोणाचाच भरवसा नव्हता. त्यामुळे माझ्या पट्टीला भलताच मान मिळाला.

आमचे विज्ञानाचे मास्तर रामराव. मला खिळ्याला अडकवून ते अकरावीच्या मुलांना सांगत, "तराजू दोन वस्तूंची बरोबरी पाह्यते. हा काटा तसा नाही बरं. धरती वस्तूले किती जोरानं ओढते, ते हा सांगते. भार दुप्पट तं ताण दुप्पट." वजन काढलं की माझा काटा टुणकन शून्यावर जाई. मग ते बोट उगारत. "पन कमानीले हद्द असते. त्याच्या पलीकडं ताणली का ती पह्यल्यासारखी होत नाही. स्थितिस्थापकतेची मर्यादा म्हन्तात याले." मुलं ते घडाघडा पाठ करत. पाठ केलेलं वेळेवर आठवेलच असं नसतं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

मास्तरांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. तिचं नाव रुख्मिणी. पोर फार नाजूक, दूध अंगी लागेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर आठवड्याला वजन करा. वाढलं नाही तर वेळ न दवडता बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. म्हणून दर रविवारी मी मास्तरांच्या घरी जाऊ लागलो. त्यांच्या बायको वच्छलाबाई जुन्या लुगड्याची झोळी करून लेकीला माझ्या आकड्याला लावत. चार किलो. पुढच्या रविवारीही चारच. तिच्या पायांची चिमुकली धडपड माझ्या कमानीपर्यंत पोचायची. मला ती फार आवडायची. आता एकच रविवार पाहायचा, नाही तर सोमवारची एस.टी. धरायची, असं मास्तरांनी ठरवलं.

नेमकी त्याच आठवड्यात शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांच्या नातवाची गूळतुला निघाली. नवस फेडायचा होता. लेकराच्या भारंभार गूळ मारुतीपुढे वाटायचा, ही आमच्याकडची रीतच.

"तराजू तं वाण्याच्या दुकानातबी असते, मास्तर," उत्तमराव म्हणाले. "आपल्या नातवाची तुला सायन्सच्या काट्यावर होऊ द्या. गाव पाह्यत राह्यलं पाह्यजे!"

"दहा किलोच्या वर झेपत नाही हो त्याले. कमान ढिली पडंल."

"तीन वर्साचं लेकरू ते. असं किती भरते?"

अध्यक्षांपुढे मास्तरांचं किती चालणार? त्यांनी मला देऊन टाकलं आणि घरी तापलेल्या लेकीजवळ जाऊन बसले. देवळात लोणी-तुपावर पोसलेला नातू झोळीत बसला आणि आनंदाने उड्या मारू लागला. काटा दहाची खूण ओलांडून खालच्या कोऱ्या पितळेवर गेला. तिथे कोणीतरी खडूची खूण केली आणि त्या खुणेपर्यंत गुळाच्या भेल्या लटकवल्या. टाळ्या झाल्या, गूळ वाटला. सगळं उतरवल्यावर माझा काटा शून्यावर आलाच नाही. अर्ध्या किलोवर थांबला. कोणी पाहिलं नाही. फडक्यात गुंडाळून मला परत केलं.

रविवारी मास्तरांनी मला तुळईच्या दोरीला लावलं आणि लगेच झोळी अडकवली. रिकामा काटा पाहायला बापाला धीर कुठला? त्याचे डोळे पोरीकडे होते. काटा साडेचारवर गेला.

"वाढली वं, वच्छला! अर्धा किलो वाढली पोरगी!"

वच्छलाबाई हसता हसता रडल्या. मीठ-मोहरीने दृष्ट काढली. सोमवारची एस.टी. तशीच निघून गेली.

मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. कमान जेवढी ताणली होती तेवढंच काट्याने दाखवलं. त्यातला लेकीचा भार किती आणि गुळाने केलेली इजा किती, हे सांगायला मला तोंड नव्हतं. घरात चाललेला तो आनंद पाहून माझा जीव तुटत होता.

"मले तं हातात हलकीच लागते हो," दोन-तीन दिवसांनी वच्छलाबाई म्हणाल्या.

"काटा आहे न सांगायले," मास्तर म्हणाले. "मायचा जीव हाये तुहा, तुले तसं वाटनच."

शुक्रवारी मास्तरांनी वर्गात मला खिळ्याला अडकवलं, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि वळून पाहिलं. माझ्या आकड्याला काहीच नव्हतं. काटा अर्ध्या किलोवर होता.  वर्ग तसाच टाकून ते घराकडे धावत सुटले. दुपारची एस.टी. मिळाली, पण राजूरचा घाट चढता चढता रुख्मिणी आईच्या मांडीवरच गेली.

उत्तमराव समाचाराला आले. "मास्तर, नवा काटा आनून देतो," ते म्हणाले.

"आना. पोरायले लागतेच," मास्तर म्हणाले. "पन हा फेकू नका. याचं काही चुकलं नाही. शून्य म्या पाह्यलं नाही."

पुढे निवृत्त होईपर्यंत ते दरवर्षी नव्या वर्गापुढे मला रिकामाच टांगत. आकडा वाचायला लावत आणि म्हणत, "याले शून्य त्रुटी म्हन्तात. प्रत्येक वजनातून एवढं वजा करा." मुलं पटापट वजाबाकी करत. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहत.

जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात, दुरुस्ती मागतात. कोणालाही ताणण्याआधी त्याची हद्द विचारा, आणि आनंदाच्या घाईतसुद्धा आधी शून्य पाहा, एवढं सांगून मीही थांबलो असतो. पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. उद्या एखादे हौशी सर कपाट उघडतील, पकडीने माझा काटा वाकवून शून्यावर आणू पाहतील. तेव्हा त्यांचा हात धरा. जे वजन रुख्मिणीच्या अंगाला कधी लागलंच नाही, ते माझ्याजवळ आहे. तेवढं माझ्याजवळ राहू द्या.